दोन अंडी आणि प्रेशर स्विच

पंपाच्या प्रेशर स्विचचं झाकण उघडण्याआधी अण्णा त्यावर दोनदा टिचकी मारत आणि विचारत, "कोन हाय का आत?" मग परक्याच्या दारात उभं राहावं तसे थोडा वेळ थांबत. आतून काही हालचाल झाली नाही की स्क्रू सोडायला घेत. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला गमतीची सवय असेल. पुढे एकदा टिचकी मारल्यावर त्या डबीतून खरोखरच पाल निघाली आणि माझ्या मनगटावरून सुळकन गेली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गोडाउनात मी अशी किंचाळले की समोरचा चहावाला पळत आला. अण्णा पालीला म्हणाले, "जावा, सावकास." आणि माझ्याकडे न बघता स्क्रू सोडायला लागले.

मला मुळातच किळस फार. दुसऱ्याच्या ताटातला केस बघून माझं जेवण उडतं. आणि असं असून मी धंदा काढला तो काचा धुण्याचा! शोरूम, दवाखाने, नव्या इमारतींच्या उंच काचा. कबुतरांनी घाण केलेली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी मावा थुंकलेला, हॉटेलाच्या मागच्या काचेवर खरकट्याचे ओघळ. लोक काचेतून बाहेर बघतात, पण काचेकडे बघायची वेळ आमच्यावर येते. शी! काम मशीनचं होतं म्हणून मी टिकले. गाड्यावर पाण्याची टाकी, तिला पंप, पंपाला लांब पाइप आणि पाइपाच्या टोकाला उंच दांड्याचा ब्रश. ब्रशाखालचा कॉक बंद केला की पाइपात दाब वाढतो आणि पंपावरचा तो छोटा स्विच मोटार थांबवतो. कॉक उघडला की पुन्हा चालू करतो. एवढ्याशा डबीवर सगळा संसार.

ती डबी सारखी बिघडायची, आणि अण्णा त्यासाठीच आले होते. कर्नाटकच्या सीमेजवळच्या खेड्यातले जैन शेतकरी, उमर शेतावरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेली. माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला अक्का म्हणत. स्विचमध्ये मुंग्या शिरायच्या, वीज जोडणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये चिरडून जळायच्या, त्यांचं काळं कीट धरायचं आणि मोटार चालू व्हायची नाही. दुसरा कुणीही फवारा मारून मोकळा झाला असता. अण्णा शेजारी गुळाचा खडा ठेवत आणि मुंग्यांची रांग बाहेर येईपर्यंत आम्ही सगळे तोंडं बघत बसत असू. मग पॉलिश पेपरनं ते कीट घासायचं. वास असा यायचा की मी पदर नाकाला लावून पाठ फिरवायची. "अक्का," ते ओरडायचे, "किळस डोळ्याला येती. हाताला येत न्हाय. हात घाला की!" मी कधी हात घातला नाही.

टाकीत पाणी भरायचं तेसुद्धा गाळून. तोंडाला दुहेरी फडकं बांधायचं, आणि गाळून राहिलेलं पाणी जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं. जीव असतात त्यात, म्हणत. एका सकाळी पंप नुसताच घरघरत राहिला, दाब येईना, मोटार थांबेना. अण्णांनी स्विच उघडला, घासला, बसवला. पुन्हा उघडला, पुन्हा बसवला. दुपारी कळलं की त्यांचंच फडकं टाकीत पडून पंपाच्या तोंडाशी अडकलं होतं. बाहेर निघालं ते शेवाळी, बुळबुळीत, मेलेल्या उंदरासारखं लोंबत. मी चार पावलं मागे सरले. अण्णा ते पिळत म्हणाले, "माझंच हाय की हो हे!" आणि एवढे हसले की मलाही हसू आवरेना.

त्यांनाही एका गोष्टीची किळस होती. ती म्हणजे 'डायरेक्ट' हा शब्द. आमच्याकडे काहीही बिघडलं की पहिला सल्ला तोच मिळतो: स्विच काढा, वायरी जोडा, डायरेक्ट करा की! हे ऐकलं की अण्णांचं तोंड कडू व्हायचं. "डायरेक्ट म्हंजे मोकाट," म्हणायचे. "थांब म्हननारं कोन न्हाय ऱ्हायलं, की पाइप फुटनार न्हायतर मोटार जळनार." एका दवाखान्याच्या इंजिनियरनं फारच आग्रह धरला तेव्हा अण्णा पाना पिशवीत टाकून सरळ जिना उतरले होते.

इचलकरंजीत कापडाचं एक मोठं शोरूम उघडायचं होतं. दुपारी उद्घाटन, सकाळी काचा आम्ही धुवायच्या. धंद्यातलं माझं ते सगळ्यात मोठं काम. पावसाळाभर मशीन गोडाउनात पडून होतं, आणि मी आदल्या दिवशी ते तपासलं नाही कारण गोडाउनात पाली फार झाल्या होत्या. तिथं पोचून बटण दाबलं, तर मोटार गप्प. अण्णांनी टिचकी मारली, विचारलं, थांबले आणि झाकण उघडलं. स्प्रिंगच्या मागे, पट्टी मिटू न देता तिला चिकटून, पालीची दोन अंडी होती. पांढरी, वाटाण्याएवढी.

"काढून टाका ते," मी म्हटलं.

"फुटत्यात अक्का, चिकटल्यात. मी काढनार न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमी काढा. मी अडवत न्हाय."

मी हात पुढे केला, आणि ती अंडी बोटांना लागल्याच्या नुसत्या कल्पनेनं ओकारी आली. ब्रश धरणारा आमचा संभा दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. "मला सांगू नगासा बाई," तो म्हणाला. त्या दिवशी बाजार बंद, नवा स्विच मिळायचा नाही. शोरूमचा मालक रेशमी झब्ब्यात येरझाऱ्या घालत होता आणि आम्ही जी पायरी धुणार होतो तिच्याच कडेला मावा थुंकत होता.

अण्णांनी एकदा वर काचांकडे बघितलं. मग त्यांनी स्विच अलगद सोडवला, आपला जेवणाचा डबा रिकामा केला आणि स्विच अंड्यांसकट त्यात ठेवला. ज्या डब्यात माणूस जेवतो त्या डब्यात! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अण्णा वायरी एकमेकींना जोडत होते. त्यांनी, स्वतःच्या हातानं, मोटार डायरेक्ट केली होती. "मी बसतो बटनापाशी," ते म्हणाले. "संभानं कॉक लावताना वरडायचं 'थांब'. मी बंद करतो. सोडताना वरडायचं 'चालू'."

आणि सकाळभर तो म्हातारा उन्हात उकिडवा बसून प्रेशर स्विच झाला. मान वर, नजर संभाच्या तोंडाकडे. संभा ओरडला की बटण बंद, ओरडला की चालू. काचा एकामागून एक लख्ख होत गेल्या. मला इतकं बरं वाटलं की मी त्या डब्याकडेही एकदा बघितलं.

शेवटची काच कोपऱ्यापलीकडची होती. संभा वळणाआड गेला आणि दिसेनासा झाला. "थांब!" तो ओरडला. मी रस्त्याच्या पलीकडून ऐकलं. अण्णा बसून होते. "थांब! अण्णा, थांब!" मी धावले. तोवर पाइप जोडावरून सुटला आणि सापासारखा उसळत फुलांच्या कमानीवर, रांगोळीवर आणि मालकाच्या झब्ब्यावर पाणी मारत सुटला.

"बहिरा हाय व्हय हा?" मालक किंचाळला. "कुठनं धरून आनलाय हा म्हातारा? स्विच म्हनून मानूस बसिवत्यात, त्यो बी बिघडलेला!" बोलताना त्याच्या तोंडातली लाल थुंकी अण्णांच्या बाहीवर उडाली. मला आयुष्यात इतकी किळस कशाचीही आली नव्हती. मी त्याला तिथंच सुनावलं, मोठ्यानं, आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. त्याचं मला काही वाटत नाही.

अण्णांनी बाही पुसली. "अक्का, संभा वरडला व्हता?"

"हो, अण्णा."

"मला ऐकू आलंच न्हाय." ते खाली बघत म्हणाले, "त्याच्या तोंडाकडं बघून कळत व्हतं. त्यो दिसंना झाला."

म्हणजे किती दिवसांपासून ऐकू येत नव्हतं! स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून बसायचे, ते आम्हाला कसब वाटायचं. ओरडून बोलायचे, पण कोल्हापुरात ओरडून बोलणारा माणूस बहिरा असेल असं कुणाच्या मनात येणार? इथे सगळेच ओरडतात.

मी खूप समजावलं. कानाला मशीन लावू म्हटलं, बसून करायचं काम देते म्हटलं. "बहिऱ्यानं मोटारीजवळ बसू न्हाय," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीत बसले होते, मांडीवर डबा, त्याचं झाकण अर्धवट उघडं, आतल्यांना वारा लागावा म्हणून.

महिन्या-दीड महिन्यानं फोन आला. "अक्का! गेली! दोनी बी गेली!"

मी ताडकन उठून उभी राहिले. पालीच्या अंड्यांसाठी, मी! "मेली?" मी ओरडले.

"भितीवर गेली," ते आपल्याच नादात सांगत होते. "एक ट्यूबलाइटमागं बसलंय. लई बारीक हाय, नखाएवढं. स्विच घासून ठेवलाय मी, झकास चालतोय. संभाच्या हाती देतो."

"अण्णा, स्विच राहू दे. तुम्ही या," मी म्हटलं. मग ओरडून म्हटलं. मग आणखी ओरडून. "ऐकू नाही आलं तरी चालेल. या!"

"काय? आवाज येत न्हाय," अण्णा म्हणाले. "माझा फोन बिघडलाय बगा, अक्का. ठेवतो."

आणि त्यांनी ठेवला. मी बंद फोनमध्ये आणखी एकदा "या" म्हणून ओरडले.