वीणा खाली ठेवायची नसते

देव माणसाशी सौदा करतो की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी मात्र केला होता. माझी मुलगी विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती आणि वैद्यबुवांनी बोलणं कमी केलं होतं. त्याच सुमारास पंचवटीतल्या आमच्या लहानशा देवळात सप्ताह बसला. मी नवस बोललो, दुपारचा वीणेचा पहारा मी करीन, तेवढी पोर राहू दे. सप्ताहातली वीणा जमिनीला टेकवत नाहीत आणि तिचा नाद थांबू देत नाहीत. एकमेकांच्या पाया पडून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. नाद खंडला तर सप्ताह मोडला. आणि माझ्या मनाने त्याला परस्पर जोडून टाकलं होतं, की मग मुलगीही गेली.

वीणा धरणं दिसतं तितकं सोपं नाही. पट्टा गळ्यात असला तरी भोपळा घसरू पाहतो, डाव्या हाताने दांडी खांद्याशी उभी राखावी लागते, आणि तार छेडताना ती हलता कामा नये. हात फार आवळला की कापू लागतो. मी आवळणाऱ्यांतला, स्वभावच तसा.

त्या दुपारी मंडळी नदीकाठी पंगतीला बसली होती. देवळात मी आणि दोन थकलेले टाळकरी, त्यांना वीणा पेलणारी नव्हती. पुढच्या पहाऱ्याचे गृहस्थ अजून यायचे होते. एवढ्यात शेजारचे शिंपी धापा टाकत दारात आले.

"मास्तर, चला लवकर! पोर गार पडलीय."

दांडी थरथरली, तार भलतीच किणकिणली. आणि मी जागचा हललो नाही! लिहिताना आजही अंगावर काटा येतो. पोर गार पडली हे ऐकून बाप वीणा धरून उभा राहिला होता.

पंगतीसाठी हरसूलकडून पळसाची पानं घेऊन आलेली एक बाई पायरीशी बसली होती. ती उठली आणि तडक आत आली. बाईने वीणेला हात लावायचा नाही, असा तेव्हाचा दंडक. टाळकरी "अगं, अगं" करीत राहिले.

"दादा, दे हिकडं," ती म्हणाली. "पोर वाट बघायची नाय. जाय तू."

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी सुन्न होऊन तिच्या पाया पडलो आणि वीणा तिच्या गळ्यात घातली. माझ्या हातात थरथरणारी दांडी तिच्या खांद्याशी निमूट उभी राहिली, आणि तार वाजत राहिली. मी अनवाणी पळालो.

घरी पोर घामाने चिंब होती. ताप उतरला होता. अंग गार लागलं म्हणून घरात रडारड झाली होती. तिने डोळे उघडून पाणी मागितलं, आणि मी खाली बसून ओक्साबोक्शी रडलो.

संध्याकाळी देवळात गेलो, तर ती बाई निघून गेली होती. पुढच्या गृहस्थांनी तिच्याच गळ्यातून वीणा घेतली होती. कोणी नाकं मुरडत होते, पण नाद खंडला नाही, हे टाळकऱ्यांनी शपथेवर सांगितलं. तिचं नाव कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. तिला रोज हात जोडतो. वीणा सोडली तर सगळं जाईल, असं मी धरून बसलो होतो. सोडली, म्हणून तर पोरीला पाणी पाजायला माझे हात मोकळे होते.