नेट नसताना आलेला फोटो

घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात आपण एकमेकींच्या फोनवर नेटशिवाय, जवळूनच थेट फोटो पाठवले ना? तेव्हा मी शेअरिंग 'सर्वांसाठी' केलं, ते तसंच राहिलं.

आज दुपारी हावड्याहून बोटीने येताना नेट गेलं होतं. तरी फोनवर एक फोटो उमटला. कठड्याला टेकलेली माझी लेक, पाठमोरी, आत्ता उभी होती तश्शीच.

नेटशिवाय आला, म्हणजे पाठवणारा बोटीतच होता.

"मागे बघू नकोस," मी मराठीत पुटपुटले, कोणाला कळू नये म्हणून. लेक मोठ्याने म्हणाली, "क्यों आई? पीछे कौन है?"

सगळ्यांनी माना वर केल्या. एकाने केली नाही.

तुम्ही रविवारनंतर ते शेअरिंग बंद केलंत का?