ईराच्या रडण्याचा चौथा टेक

हे सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घातले. पण सुलभाकाकूंचं अख्ख्या मजल्याला सांगून झालंय, तेव्हा तुम्ही तरी माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, गार होतोय.

मी भुताच्या व्हिडिओ गेमना संगीत देते. लालबागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. ओट्याला लागून माझं कॉम्प्युटरचं टेबल. कुकरची शिट्टी आठपट संथ केली की चेटकिणीचा श्वास तयार होतो, खोटं वाटत असेल तर या ऐकायला. "एवढं शिकून हे?" असं ईराच्या बारशाला मावशीनं विचारलं होतं. उत्तर अजून शोधतेय.

ईरा झाल्यावर कामं आटली. वर्षभरानं एक गेम आला. पडक्या हॉस्पिटलात कुठेतरी बाळ रडतंय, आणि खेळणाऱ्यानं ते शोधायचं. हे जमलं तर पुढची कामं, नाहीतर आपण नुसत्याच आई. बाळ तर घरातच होतं. लस टोचून आणल्यावर ईरा जी काही रडली, ते मी फोनवर टेप केलं. आधी तिला उचललं की आधी टेप केलं, हे कृपया विचारू नका.

मग तेच रडणं दिवसभर स्पीकरवर. हेडफोनची वायर ईराबाईसाहेबांनी चावून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. शेजारच्या सुलभाकाकू, मागे मजल्यावरच्या आणखी दोघी. काकूंच्या मुठीत मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या.

"पोरीक कित्याक रडयतंस गो? सकाळपासून ऐकतंय मी."

"काकू, ती घरात नाहीये. गिरगावला आईकडे ठेवलीय."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मूल घरात नाही आणि रडणं घरात. मग हळूहळू तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मिरच्यांची मूठ माझ्यावरून उतरायच्या आत मी कॉम्प्युटर दाखवला. बटण दाबलं, रडणं सुरू. दाबलं, बंद. काकूंनी स्वतः दोनदा दाबून खात्री केली.

"आणि ह्या ऐकूक लोक बसतत?"

"बसतात."

"मग माझी तीन नातवंडां घेऊन जा गो, रात्रंदिवस वाजतत."

त्या दिवसापासून मजल्यावर फतवा निघाला. हिच्याकडून रडणं ऐकू आलं तर कुणी जायचं नाही, हिचं काम चालू असतं.

काम मात्र तीनदा परत आलं. "मॅम, रडणं फेक वाटतंय," गेमवाले साहेब फोनवर म्हणाले. "बाळ असं रडत नाही."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही. पण फील येत नाहीये."

माझ्या पोरीच्या रडण्याला फील नाही. घ्या.

चौथ्यांदा बसले. दुपार होती, ईरा त्या दिवशी घरीच, आतल्या खोलीत पलंगावर झोपलेली. रडण्याला लांबलचक घुमारा दिला, वाजायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. पहिल्यांदाच अंगावर काटा आला. आधी दचकणं, मग दम लागणं, मग नुसती हाक. दूरच्या खोलीतून यावा तसा आवाज. मी चांगली दहा मिनिटं ऐकलं. मग साहेबांना मेल लिहिला, 'या वेळी रडणं अगदी खरं झालंय.' पाठवला.

फाइल जोडायची राहिली म्हणून परत स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाबरोबर पुढे सरकणारी रेघ शेवटाला जाऊन थांबली होती. कधीचीच.

आत ईरा पलंग आणि कपाटाच्या फटीत घसरून बसली होती, लालबुंद, एक पाय वर अडकलेला. लागलं काही नव्हतं. मी तिला घेऊन तशीच गॅलरीत धावले. सुलभाकाकू त्यांच्या दारात मेथी निवडत बसलेल्या.

"काकू, एवढी रडत होती, तुम्ही आला नाहीत?"

"माका वाटला, तुझा काम चालू हा."

मलाही तेच वाटलं होतं.

फाइल संध्याकाळी पाठवली. रडणं फेक वाटतं म्हणून काम दुसऱ्याकडे गेलं. इथवर सगळं मजल्याला माहीत आहे. एक तेवढं मी काकूंनाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी डोळे मिटून ऐकता ऐकता मधली एक उचकी मला जरा जास्त वाटली होती, आणि मी ती कापायचं ठरवलं होतं.