एल्डनचं लायसन्स

ॲरिझोनातल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एल्डन टोर्गरसन माझा शेजारी. हा गडी जन्मभर नॉर्थ डकोटात रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवायचा. गुडघे कुरकुरायला लागले तसा इकडे उन्हाला आला. आमचं छान जमतं, कारण तो बोलत नाही आणि मला धड ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी त्याने वसाहतीच्या टपालपेट्यांवर गाडी घातली. बर्फ सारावा तशा सगळ्या पेट्या नीट एका कडेला लावल्या. त्याची मुलगी रोंडा तणतणत आली. तिने गाडीची किल्ली घेतली आणि लायसन्सचं कार्डही आपल्या पर्समध्ये टाकलं.

"अगं, कार्ड तरी राहू दे."

"म्हणजे भाड्याची गाडी घ्यायला मोकळे! ओळखते मी तुम्हाला, बाबा."

मग मार्चमध्ये बातमी आली, तिकडे नॉर्थ डकोटात त्याच्या थोरल्या भावाने, हार्लनने, अंथरूण धरलंय. रोंडा म्हणाली, "व्हिडिओवर बोला की. एकटे गेलात तर भलत्याच गावी उतराल." एल्डन माझ्या दारात येऊन बसला. कॉफी ठेवली ती तशीच निवली, तेव्हा मी समजले, प्रकरण गंभीर आहे.

"मेव्हिस, आम्ही भाऊ बोलत नाही गं कधी. नुसते शेजारी बसतो," तो म्हणाला. "फोनवर शेजारी कसं बसू?"

मला भडभडून आलं. रागही आला. विमानात बसायला ओळखपत्र लागतं, आणि याचं कार्ड तिच्या पर्समध्ये. लेकरू सांभाळावं तसं बापाला सांभाळतात आणि वर त्याला प्रेम म्हणतात! तेवढ्यात आठवलं. दोन वर्षांपूर्वी वाचनालयात फोनचा वर्ग होता. डोनट फुकट होते म्हणून आम्ही गेलो होतो. तिथे सगळ्यांनी आपापलं लायसन्स फोनमध्ये भरलं होतं. फोन सांगेल तशी मान इकडे कर, तिकडे कर, अगदी न्हाव्यापुढे बसल्यासारखं.

"मेल्या, तुझं लायसन्स तुझ्या खिशातच आहे की!"

तिकीट मी काढलं. विमानतळावर मीच सोडलं. मी अजून चालवते, मला रोंडा नाही. आत पाटी होती, फोन असला तरी खरं कार्डही जवळ ठेवा. मी ती मोठ्याने वाचली, तर हा गालात हसला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तपासणीच्या माणसाच्या हातात त्याने फोनच कोंबला.

"माझ्याकडे नको आजोबा, त्या यंत्राजवळ धरा. आता कॅमेऱ्याकडे बघा. जरा हसा की!"

"लायसन्सवर हसलो नव्हतो. उगाच घोळ कशाला?"

गेला की हो आत!

संध्याकाळी रोंडाचा फोन. "मावशी, अक्कल गहाण टाकलीत का? त्यांना चालवायची बंदी आहे ना?"

"त्याने नाही चालवलं बाई. पायलट दुसरा होता."

घोडं अडलं ते परतताना. तिकडच्या छोट्या विमानतळावर ते यंत्रच नव्हतं, आणि या लबाडाला ते आधीच ठाऊक असणार. एल्डनने मुलीला फोन केला, "कार्ड घेऊन ये." रोंडा मला शिव्या घालत विमानात बसली. काकाकडे जायला तिला कित्येक वर्षं सवड झाली नव्हती. जाऊन बघते तर एक म्हातारा पलंगावर, दुसरा खुर्चीत, आणि दोघं गप्प. भांडायला तोंड उघडलं होतं, ते मिटून तीही खुर्ची ओढून बसली. दोन दिवस बसली. पुढच्याच महिन्यात हार्लन गेला.

त्या खेपेला परत निघताना विमानतळाच्या दारात एल्डनने टोपीच्या अस्तरातून एक किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. गाडीची दुसरी किल्ली.

"ही कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"पहिल्यापासून."

"मग चालवली का नाहीत?"

"टपालपेट्या दिसल्याच नव्हत्या मला. चालवायचे दिवस संपले, हे तुझ्याआधी मला कळलं होतं." मग म्हणाला, "गाडी घेतलीस, बरं केलंस. पण त्या कार्डावर मी आहे, रोंडा. तू मला पर्समध्ये टाकलंस."

हे मला रोंडानेच सांगितलं, नाक पुसत. आत तपासणीच्या माणसाने कार्ड मागितलं, तेव्हा ते एल्डनने स्वतःच्या खिशातून काढून दिलं.