पपईची पानं

मागच्या अंगणातली पपई आता फोटोत का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंत. फोनवर मी विषय बदलला. म्हणून लिहिते.

पपईचं फार करावं लागत नाही. भरपूर ऊन हवं आणि बुंध्याशी पाणी साचता कामा नये, नाहीतर मूळ कुजतं. मी बुंध्याला मातीची भर घालत असे. फळं धरल्यावर मात्र हिरवी पानं तोडायची नसतात. पानं गेली की फळं उन्हानं भाजतात, गोडी भरत नाही. यंदा झाड लगडलं होतं.

वरच्या खोलीत लातूरकडचा एक मुलगा भाड्यानं राहायचा. चाकणला कंपनीत कंत्राटावर होता. गणपतीनंतर त्याला ताप आला. मी म्हटलं, "आधी रक्त तपासून घे."

"मावशी, खाडा झाला तर नाव कापतेत. सुट्टीच्या दिवशी जातो की."

तापातच तो शिफ्टची बस पकडत राहिला. सुट्टीच्या दिवशी त्याला जिना उतरवेना. डेंग्यू निघाला. दवाखान्यात ठेवलं, गावाहून त्याची आई आली.

पपईच्या पानांच्या रसानं रक्तातल्या पेशी वाढतात, असं तिला कुणीतरी सांगितलं. माझा विश्वास नव्हता, डॉक्टरांनीही हो म्हटलं नाही. पण नुसतं वॉर्डाबाहेर बसून तिला राहवत नव्हतं. मी म्हटलं, "घ्या पानं. पण औषधं डॉक्टर सांगतील तीच."

रोज सकाळी ती माझ्या मिक्सरमध्ये पानं वाटून, फडक्यातून गाळून बाटली न्यायची. एकदा हसली. "जहर हाय म्हणतो. लहानपणी कारलं खाल्लं न्हाई, ह्यो काय पितोय!"

मग गल्लीत ज्याच्या-त्याच्या घरी ताप. फाटकाशी माणसं यायला लागली. मी नको म्हटलं, तर एकजण फटकन बोलले, "भाडेकरूला मिळतं, शेजाऱ्याला नाही का?" दिली. झाड उघडं पडलं. फळं एका बाजूनं पिवळी पडून गळू लागली.

मुलगा गेला. त्याच्या आजारात रस कामाला आला नाही.

दिवसकार्य उरकून त्याची आई खोली रिकामी करायला आली, त्याच दुपारी मागच्या गल्लीतली एक बाई फाटकाशी उभी. मुलीला ताप होता.

"झाडच संपलंय हो," मी म्हटलं. शेंड्याला एकच पान होतं. तेही गेलं तर पपई जगत नाही.

आई वरून ऐकत होती. खाली आली, काठीला विळा बांधून तिनं ते पान उतरवलं.

"न्या. पण रस करत बसू नका. पोरीला उचला आन् आत्ता दवाखान्यात न्या. तिची आई हाव ना तुमी? मग पळा."

बाई पळाली. विळ्यावरून चीक टपकत होता, तो मुलाच्या आईनं पदराला पुसला आणि परत जिना चढली. त्याची गादी अजून गुंडाळायची होती.