नंबर पडलेले लिंब

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी इतका घाबरट झालो होतो की फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. नोकरीच तशी होती. लांबच्या कारखान्यांनी कायद्याची सक्ती नसताना, आपखुशीनं, आपल्या धुराच्या बदल्यात आमच्याकडची झाडं राखायला पैसे द्यायचे आणि ती झाडं जिवंत आहेत हे आम्ही दाखवायचं. शहरातल्या ऑफिसात पंख्याखाली बसून हे फार छान वाटे. कन्नडजवळच्या आमच्या गावानं माझ्या शब्दावर बांधावरचे कडुलिंब या योजनेत घातले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी गावी पोचलो आणि थेट बांधावर गेलो. आमच्या एकाही लिंबाला पाला नव्हता. सगळ्या फांद्या छाटलेल्या, खाली बोडकी खोडं आणि त्यांवर मोजणीवाल्यांनी टाकलेले लाल नंबर. आईची शेरडं तिथंच सावली शोधत उभी होती.

"आई, हे काय केलंस?"

"नंबर पडलेलं झाड ऱ्हातंय व्हय? रस्ता मोठा केला तवा वडांवर आसेच आकडे घातले अन् लगेच आडवे केले. म्हणलं, नेणारे नेतील, शेरडांच्या तरी पोटात जाऊ दे."

तिचं काय चुकलं? शहर वाढत आलं तेव्हापासून झाडावरच्या आकड्याचा दुसरा अर्थ आमच्याकडं कुणी पाहिलाच नव्हता. हे आकडे झाडं तोडायला नव्हे, राखायला घातलेत हे सांगितलं, तशी ती शेरडांना खोडांपासून हाकलू लागली.

"मंग आता आख्ख्या गावाला वगळत्यात का काय?"

मलाही तीच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी वर पाहिलंच नाही. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळला, नंबराचा फोटो काढला, "घेर चांगला आहे," म्हणाले आणि चहा न घेताच पुढच्या बांधाकडं गेले. आमचे लिंब पास झाले. आईनं हात जोडले.

माझी भीती मात्र तिथून खरी सुरू झाली. पाला काढून बरेच दिवस झाले होते, तरी एकाही खोडाला पालवी नव्हती. विहीर आटलेली. आणि या झाडांच्या जिवावर कुठंतरी एक धुरांडं आता निर्धास्त चालणार होतं.

"फुटतील ना रं?" आईनं विचारलं.

"फुटतील की," मी म्हणालो. साल नखानं खरवडली की आत हिरवं आहे का ते लगेच कळतं. माझा हात खोडापर्यंत गेला, पण खरवडायचा धीर झाला नाही.