तेलाला चिकटलेले

बाटलीकाका तीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धूत आले आहेत. बोलणं मोजकं, काम चोख. पण कुणी फुटकी नळी सिंकमध्ये टाकली की त्याची खैर नाही. त्या दुपारी मी त्यांच्या हातात माझा शेवटचा फ्लास्क दिला आणि म्हणाले, "वाफेत घालून मारून टाका."

"बरं, ताई."

त्यात डिझेल खाणारे जिवाणू होते. म्हणजे, असायला हवे होते. गॅरेजच्या तेलकट मातीतून आणून तीन वर्षं जिवापाड सांभाळलेले. पण सलग तीन दिवस थेंब तपासला, एकही दिसेना. तीन वाजता प्रकल्पाचे प्रमुख, सर, जिवाणूंचा आकडा बघायला येणार होते. शून्य म्हणजे प्रकल्पाला टाळं आणि मला घरचा रस्ता. निदान ती नाचक्की टेबलावर नको, एवढंच मला वाटत होतं.

पावणेतीनला काका फ्लास्क घेऊन परत दारात.

"ताई, हा मेलेला नाही."

"काका, डोकं नका खाऊ! घड्याळ बघितलंत का?"

"मेलेल्याचं तेल वर सुटं तरंगतं. धुऊन धुऊन माहीत झालंय. हे बघा, दुधाळ झालंय. तुम्ही थेंब घेता कुठून?"

"खालून. पाण्यातून."

"आणि ते तेलाकडे गेले असले तर?"

मी वरच्या तेलाच्या थरात नळी बुडवली. घाईत पहिला थेंब काचपट्टीवरून ओघळून वाया गेला. दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मुंगी शिरायला जागा नव्हती! पेशींनी आपलं बाहेरचं आवरणच बदललं होतं: पाण्याला झिडकारणारं, तेलाला घट्ट बिलगणारं. आत तेलाचे चकचकीत थेंब साठवले होते. स्वयंपाकघरात जेवत बसलेल्यांना मी अंगणात शोधत होते.

सर आले. थेंब वरच्या तेलातला आहे असं सांगत मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं.

"शाबास! वरच्या थरात बघायचं कुणाला सुचलं?"

काका माझ्या मागेच हात पुसत उभे होते.

"मलाच शंका आली, सर," मी म्हणाले.

तोंडातून निसटलं असं म्हणून मी सुटणार नाही. विचार करूनच बोलले होते. त्याची लाज आजही वाटते. काका सिंककडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी भांडी नेहमीसारखीच लखलखीत धुऊन टेबलावर आणून ठेवली.

"झाली, मॅडम," ते म्हणाले.